सूचीत नसलेलं मिठागर

१८ जून

पेन्सिलबाईंना मावशीचा आशीर्वाद, आणि आशीर्वादाखालोखाल एक तक्रार.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोनवर माझा आवाज चढतो, तू 'हो मावशी, हो मावशी' म्हणतेस आणि फोन ठेवला की दोघीही आपापल्या कामाला लागतो. कागद तसा सुटू देत नाही. म्हणून लिहिते आहे, आणि उत्तरही कागदावरच हवं.

शेजारची चौकशी नववीत गेली. दिवसाला शंभर प्रश्न विचारते म्हणून सगळं गाव तिला आता चौकशीच म्हणतं. काल ती भूगोलाचं नवं पुस्तक घेऊन धावत आली आणि म्हणाली, "मुकादमीणबाई, पान बेचाळीसवर आपण आहोत." आयुष्यात पहिल्यांदा छापून येतेय म्हटल्यावर मी हात धुतले, चष्मा लावला, केससुद्धा सारखे केले.

धडा आहे 'साधनसंपत्ती, उद्योग आणि पर्यटन'. त्यात आपल्या किनाऱ्याचा नकाशा. शेती हिरवी, कारखाने लाल, वस्ती तपकिरी. आणि खाडीच्या अलीकडे, जिथे तुझी मावशी एकतीस वर्षं बायकांच्या तीन टोळ्या घेऊन मीठ ओढते, तिथे पांढरं. मला वाटलं, वा, मीठ म्हणून पांढरं ठेवलंय, कुणीतरी शहाणं माणूस दिसतंय. मग चौकशीने नकाशाच्या सूचीवर बोट ठेवलं. पांढरा चौकोन, आणि त्याच्यापुढे 'पडीक जमीन'.

धड्याखालचा प्रश्न चौथा असा: 'नकाशातील पडीक जमिनीचा पर्यटनासाठी विकास कसा करता येईल? कारणे द्या.' चौकशीने मला विचारलं, तुम्हा सगळ्यांना कुठे हलवायचं तेही उत्तरात लिहायचं का. मी तिचं पुस्तक मिटलं आणि तुला लिहायला कागद शोधला.

तू त्या पुस्तकांच्याच कचेरीत बसतेस. ज्या महाभागाने हा रंग भरला त्याला शोधून काढ. त्याने जन्मात कधी मीठ खाल्लंय का, विचार. खाल्लं असेल तर त्याला जागण्याची रीत असते, हेही सांग. मला नाव कळव. मी त्याला पत्र लिहिणार आहे आणि त्यात हातचं काही राखणार नाही.

खाडी मात्र छान काढलीय हं. अगदी ओळखीची वाटली.

तुझी मावशी


३० जून

प्रिय मावशी,

पत्र वाचून हसले आणि मग हसू गेलं.

तुला वाटतं तसं पुस्तक एका माणसाचं नसतं. जमिनीचं सर्वेक्षण करणारं खातं वेगळं. ते विमानातून फोटो काढतात, फोटोवरून तक्ता करतात, तो तक्ता आमच्याकडे येतो आणि आम्ही नकाशा करतो. आपल्या किनाऱ्याचा फोटो मी काढून पाहिला. तो ऑगस्टमधला आहे. पावसाचं पाणी वाफ्यांवर चढलेलं, मिठाच्या राशी उचललेल्या, बांधावर एकही माणूस नाही. वरून पाहणाऱ्याला ते नुसतं साचलेलं पाणी दिसतं. त्यांच्या तक्त्यात रकानेही पाचच: शेती, जंगल, वस्ती, कारखाने आणि पडीक. मिठागराला रकानाच नाही. जे कुठेच बसत नाही ते पडीकमध्ये टाकतात.

रंग भरणारा माणूस तक्त्यात लिहिलेलं असतं तेच भरतो. त्याचा दोष किती धरायचा हे सांगणं कठीण आहे. तरी मी चौकशी करते (तुझ्या चौकशीइतकी नाही).

एक विनंती. आमच्या कचेरीला थेट पत्र लिहू नकोस. ऑक्टोबरमध्ये कायम नोकरीची यादी निघणार आहे. सहा वर्षं मी दर वर्षी नव्याने सही करून काम करते आहे, यंदा माझं नाव यादीत आहे असं साहेब म्हणाले. या दिवसांत गावाकडून तक्रार आली तर उगाच माझ्याकडे बोट जाईल.

टाचांना मलम लावतेस ना? गेल्या वेळी पाठवलेलं संपलं असेल.

तुझी
पेन्सिल


१२ जुलै

पेन्सिल,

मलम आहे. विषय बदलू नकोस.

तुझं पत्र चौकशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माणूस सुट्टीच्या दिवशी शाळेचा फोटो काढेल आणि शाळा बंद पडली म्हणेल, तसं झालं हे. तुमच्या त्या खात्यात हिला नोकरीला ठेवा.

पण तिचं काय झालं ते ऐक. घटक चाचणीत तोच प्रश्न आला. हिने लिहिलं, 'ही जमीन पडीक नाही. इथे माझी आई काम करते. प्रश्न चुकला आहे.' चारपैकी शून्य. पोरगी रडली नाही, पण जेवलीही नाही. मग मी गेले शाळेत. भूगोलाचे सर गरीब स्वभावाचे आहेत. म्हणाले, काय करू, उत्तरसूचीप्रमाणे गुण द्यावे लागतात. उत्तरसूचीत म्हणे 'सुंदर किनारा, मोकळी जागा, रोजगार' असे तीन मुद्दे आहेत. मी म्हटलं, सर, मोकळ्या जागेत मी उभी आहे, माझं काय करता?

त्यांनी मला खुर्ची दिली आणि मी त्यांच्याकडून अख्खा धडा शिकून घेतला. निसर्गातून काढतात तो प्राथमिक व्यवसाय, त्यावर काम करून माल बनवतात तो द्वितीयक आणि सेवा देतात तो तृतीयक. मी विचारलं, मग मी कुठली? समुद्राचं पाणी दार उघडून आत घेते, म्हणजे प्राथमिक. ते या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवून, आटवून, लालसर झालं की ओळखून मीठ धरते, म्हणजे द्वितीयक. आणि गेल्या वर्षी फोटो काढणारी मंडळी आली होती, त्यांना बांधावरून फिरवलं, त्यातल्या एकाला पडताना दंडाला धरलं, म्हणजे तृतीयक. एका दिवसात तिन्ही व्यवसाय करते आणि तुमच्या पुस्तकात पडीक. सरांनी उत्तरसूची मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, पुढच्या आठवड्यात हेच वर्गात येऊन सांगाल का? मी हो म्हणून बसले आहे. आता नाही म्हणायला तोंड नाही.

दुसरी बातमी बरी नाही. गावात एक टोपीवाला फिरतो आहे. कसल्या पर्यटन कंपनीचा माणूस. त्याच्याकडे मोठं रंगीत चित्र आहे. आपल्या वाफ्यांच्या जागी त्यात पोहण्याचा तलाव आहे, गोड्या पाण्याचा. समुद्राच्या काठी गोड्या पाण्याचा तलाव! मग समुद्र काय हात धुवायला ठेवलाय? तुला आठवत असेल, जमीन सरकारची आहे. वापरात आहे तोवर आपल्याकडे, पडीक ठरली की ज्याला द्यायची त्याला देता येते. म्हणून तो टोपीवाला खुशीत आहे.

त्या महाभागाचं नाव अजून आलं नाही.

मावशी


२ ऑगस्ट

प्रिय मावशी,

उशीर झाला. पुस्तकांच्या दुसऱ्या छपाईची घाई होती.

नाव कळणं अवघड आहे. खूप हातांतून काम जातं.

रागावू नकोस, पण मी एक वेगळा विचार करून पाहिला. पर्यटन म्हणजे सगळं वाईटच असं नाही. धड्यातही दिलं आहे की रोजगाराच्या नव्या वाटा निघतात. एकतीस वर्षं तू खाऱ्या पाण्यात उभी आहेस. तुझ्या टाचांतल्या भेगांत मीठ जातं तेव्हा तू रात्री तोंडात पदर धरतेस, हे मी लहानपणी पाहिलं आहे. पुढच्या पिढीच्या वाट्याला ते का यावं? आणि तू तरी आणखी किती वर्षं ओढणार? माझी खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. कायम झाले की दुसरी खोली घेईन. तू इकडे ये.

तुझी
पेन्सिल


११ ऑगस्ट

पेन्सिल,

पुन्हा माझ्या टाचांना पुढे करून बोलू नकोस. त्या माझ्या आहेत, त्यांचं काय करायचं ते मी बघते.

पर्यटन वाईट असं मी कधी म्हटलं? येऊ देत माणसं. बांधावरून चालू देत, मीठ कसं धरतं ते बघू देत, चपला बुडवून घेऊ देत. आणि चौकशीची आई तर उघड म्हणते, हॉटेल झालं तर बरं, मी तिथे चादरी बदलीन, निदान पोरीच्या टाचा फुटणार नाहीत. तिच्याशी मी भांडले नाही. तिचा तिला हक्क आहे. उद्या आम्ही सगळ्या बसून ठरवलं की मीठ पुरे, तर तेही होईल. नको म्हणायचं असेल तर आम्ही म्हणू. हो म्हणायचं असेल तरी आम्हीच म्हणू. पण तिथे कुणी नाहीच असं लिहून ठेवायचं आणि मग न विचारता घ्यायचं, याला मी जिवंत असेपर्यंत विकास म्हणणार नाही.

जनसुनावणी ठरली आहे. अठ्ठावीस सप्टेंबर, सकाळी अकरा, शाळेचं सभागृह. तारीख बघितलीस? अजून पाणी उतरलेलं नसणार, बांध फुटलेले असणार, एक दाणा मीठ दिसणार नाही. साहेबलोक येऊन बघतील आणि म्हणतील, खरंच की, पडीकच आहे. टोपीवाल्याने जी कागदपत्रं लावली आहेत ती शाळेच्या भिंतीवर चिकटवली आहेत. पहिला कागद सर्वेक्षणाचा तक्ता, दुसरा तो ऑगस्टमधला फोटो आणि तिसरं तुमचं पान बेचाळीस. खाली लिहिलंय, 'ही बाब शालेय पाठ्यपुस्तकातही नमूद आहे.' जखमेवर मीठ चोळायचं तर निदान आमचंच चोळा.

सर आणि नववीचा वर्ग कामाला लागले आहेत. एक एक वाफा मोजतात, कोण बाई कुठला वाफा धरते ते तिला विचारून लिहितात. पाणी गुडघ्याएवढं आहे, पण पोरं खूश आहेत. चौकशी वहीत माझं वय लिहायला आली, तेव्हा मी तिला दोन वर्षं कमी सांगितलं. सरकारी कामात तेवढी गडबड चालते.

त्या दिवशी तो तिसरा कागद खोटा आहे हे कुणी सांगायचं? मी सांगितलं तर म्हणतील, हिचा फायदा आहे. ज्याने काढला त्यानेच सांगितलं तर गोष्ट वेगळी. शोध त्याला. आता चेष्टा नाही.

मावशी


९ सप्टेंबर

मावशी,

चार वेळा हे पत्र लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं.

ज्याचं नाव तू मागते आहेस ते माझं आहे.

तो नकाशा मी काढला. रंगही मीच भरला. गेल्या वर्षी, जानेवारीत, दुपारच्या वेळी. तुम्ही सगळ्या तेव्हा वाफ्यांत होतात. तक्त्यात आपल्या किनाऱ्यापुढे 'पडीक' लिहिलेलं बघून मी उठले आणि साहेबांकडे गेले. म्हटलं, इथे मिठागर आहे, मी तिथे वाढले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तक्त्यात आहे ते भरा. आपण नकाशे काढतो, आठवणी काढत नाही." मी परत जागेवर आले आणि जागा रिकामी सोडली. पांढरा रंग भरावा लागत नाही, मावशी, नुसतं काही करायचं नसतं. तेच मी केलं. नकाशाच्या मागे 'तपासले' असा शिक्का असतो, त्याखाली सही केली.

दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित यादीतून नाव गेलं असतं. कदाचित नसतंही गेलं. मी विचारलंच नाही. प्रश्न चौथा मी लिहिला नाही, पण तो माझ्या पांढऱ्या जागेवर उभा आहे. चौकशीला मिळालेलं शून्य माझं आहे.

आई गेल्यावर तू मला वाफ्यात पाय ठेवू दिला नाहीस. म्हणायचीस, तू पेन्सिल धर, मीठ मी धरते. मी पेन्सिल धरली आणि तिने तुलाच पुसलं. तीन महिने तुझ्या शिव्या वाचते आहे. त्या बरोबर आहेत. त्याहून जास्त असतील तर त्याही लिही.

पेन्सिल


१६ सप्टेंबर

माझी पेन्सिल,

मला ठाऊक होतं.

सतरा जूनलाच, पान उघडलं तेव्हाच कळलं. खाडी समुद्राला मिळते त्याच्या जरा आधी एक मुरड आहे, गळाच्या टोकाएवढी. तिथे तुझी नवी चप्पल वाहून गेली होती आणि तू अख्खा दिवस खाडीशी बोलली नव्हतीस. ती मुरड कुठल्या सरकारी नकाशात नाही. सरांनी मला जुने नकाशे काढून दाखवले, सगळ्यांत खाडी सरळ. एवढीशी मुरड कुणाच्या हिशोबात येत नाही. ती दोनच ठिकाणी आहे. एक आपल्या मिठाच्या कोठाराच्या भिंतीवर, कोळशाने काढलेली, तू सात वर्षांची असताना. तिच्यावर मी आजवर चुना मारू दिला नाही. आणि दुसरी पान बेचाळीसवर.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुम्हाला तक्त्याबाहेरचं काही काढायचं नव्हतं ना? मग चप्पल वाहून गेलेली जागा कशी काढलीस? साहेबांना ती दिसली नाही, म्हणून राहिली. मला ती आधी दिसली आणि पांढरं नंतर. 'महाभाग' लिहिताना मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. तू आपणहून कधी सांगतेस ते बघत होते. तिसऱ्या पत्राला सांगितलंस. तुझी आई दहाव्या पत्रालाही कबूल झाली नसती.

शिव्या खऱ्या होत्या. एकही मागे घेत नाही. मला वाईट वाटलं, पोरी. टोपीवाल्याचं काही वाटलं नाही, तो परका आहे. तुझं फार लागलं.

सुनावणीला ये असं मी म्हणणार नाही. यादी ऑक्टोबरमध्ये आहे हे मला पाठ झालंय. तू नाही आलीस तरी घर तुझंच आहे आणि मलमही मी तूच पाठवलेलं लावीन. फक्त सरांना सांगून पुढच्या रांगेत एक खुर्ची जादा ठेवायला लावली आहे.

मावशी


३ ऑक्टोबर

पेन्सिल,

सुनावणी संपली आणि तू तशीच गाडीला पळालीस. एक दिवसाची रजा, तीही न विचारता काढलेली, म्हणून अडवलं नाही. पण तू पुढे तोंड करून उभी होतीस, मागचं तुला दिसलं नाही. ते मी सांगते.

टोपीवाल्याने पुस्तक वर धरलं आणि म्हणाला, हे तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. तू उठलीस तेव्हा अर्ध्या लोकांनी तुला ओळखलंच नव्हतं. अधिकारीबाईंनी नाव-गाव विचारलं, आणि तू म्हणालीस:

"हा नकाशा मी काढला आहे. तो चुकीचा आहे. काढताना मला ते ठाऊक होतं."

मागे तिन्ही टोळ्या उभ्या होत्या, बसायला जागा नव्हती. त्यांच्यातल्या दोघी-तिघींच्या चेहऱ्यावर राग होता तो मी बघितला. त्या अजून रागावलेल्या आहेत आणि त्यांचं चुकत नाही. आल्यावर त्यांना भेटावं लागेल, मी मध्ये पडणार नाही. आमच्या सगळ्यांत म्हातारी बाई मात्र घोगऱ्या आवाजात म्हणाली, उशिरा का होईना बोलली तरी. तुला वाटलं असेल कुणी खोकलं.

टोपीवाला सव्वाशेर निघाला. म्हणाला, बाईंना गावाचा उमाळा आलाय, पुरावा काय? मग चौकशी वह्या घेऊन पुढे गेली. दोनशे चौदा वाफे, सहासष्ट बायका, तीन पाण्याची दारं, प्रत्येकीच्या नावापुढे तिचा अंगठा नाहीतर सही. तोवर तू खाली बसून रुमाल शोधत होतीस. तो तुझ्या हातातच होता.

आणि तेवढ्यात चौकशीची आई उठली. मी म्हटलं, झालं, आता ही हॉटेल मागणार. तिने मागितलंच. म्हणाली, "मला हॉटेल हवं आहे, मी लपवत नाही. पण आज मी त्या वाफ्यांत काम करते. मी नाहीच असं लिहू नका." एवढं बोलून बसली. माझ्या एकतीस वर्षांच्या बडबडीत मला हे इतक्या थोडक्यात कधी जमलं नाही. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.

पुढचं तू ऐकलंसच. निर्णय थांबवला आहे. भर हंगामात, फेब्रुवारीत, जमिनीवर येऊन पुन्हा सर्वेक्षण. जिंकलो असं नाही. पण आता ते आम्हाला बघायला येणार आहेत आणि आम्ही तिथे असणार आहोत.

कचेरीत काय झालं ते लपवू नकोस. एकदा लपवून बघितलंस.

मावशी


२२ ऑक्टोबर

मावशी,

लपवत नाही. यादी लागली. माझं नाव नाही.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं की नकाशा चुकीचा होता आणि ते सुनावणीत सांगितलं, यापेक्षा जास्त खुलासा माझ्याकडे नाही. त्यांनी मला काढलं नाही. माझं टेबल जिन्याखाली हलवलं, जिथे जुन्या पुस्तकांचे गठ्ठे ठेवतात. कामही ठरवून दिलं, दुसऱ्यांच्या धड्यांतले स्वल्पविराम तपासायचे. आपण होऊन सोडून जावं असं वाटेल अशी ती खुर्ची आहे. मी रोज वेळेवर येते आणि त्याच खुर्चीत बसते.

पहिले दोन दिवस रडले, हे खरं. तिसऱ्या दिवशी गठ्ठ्यांत मला पुस्तकांसोबत जाणाऱ्या शुद्धिपत्राचे जुने नमुने सापडले. छापील चूक झाली की तेवढं चिठोरं सगळ्या शाळांना जातं आणि मुलं ते पानावर चिकटवतात. मी पान बेचाळीसचं शुद्धिपत्र तयार केलं आहे. साहेब म्हणाले, नवं सर्वेक्षण आलं तरच बघू. मी तेवढंच त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि सही घेतली. सही घ्यायची असते, हे मी आता शिकले.

प्रश्न चौथासुद्धा बदलून मागितला आहे. नवा असा: 'या किनाऱ्यावर कोण काम करतं, त्यांना विचारून लिहा.' तो मंजूर होईल असं वाटत नाही. दर महिन्याला पुन्हा पाठवणार आहे.

एक गोष्ट अडली आहे. सूचीत मिठागरासाठी नवा चौकोन घालायचा तर त्याला रंग हवा. लाल कारखान्यांचा, निळा पाण्याचा, पिवळा वाळूचा. गुलाबी शिल्लक आहे, पण गुलाबीत तू मला दिसत नाहीस. या वेळी तक्ता बघून भरायचं नाही. तू सांग.

पेन्सिल


१९ फेब्रुवारी

पेन्सिल,

आले होते. चार जण, बूट घालून. मी म्हटलं, बूट काढा, तळ आम्ही महिनाभर पायांनी तुडवून घट्ट केलाय, टाचेने खड्डा पडतो. दोघांनी काढले. दोघे बांधावरच थांबले आणि तिथूनच घसरले. त्यांना मी धरलं, ती माझी तृतीयक सेवा.

पाणी अगदी लाल झालं होतं. आम्ही त्यांच्यासमोर सहा वाफे ओढले. एक तरुण साहेब होता, त्याने वाकून चिमूटभर उचलून तोंडात टाकलं, आणि आपण कामावर आहोत हे आठवून तोंड पुसलं. त्यांच्या तक्त्यात अजूनही पाचच रकाने छापलेले होते. तो म्हणाला, हे कशात घालू? मी त्याची पट्टी घेतली, चौकशीची पेन्सिल घेतली आणि तक्त्याच्या कडेला सहावी रेघ मारून दिली. सरकारी कागदावर मी रेघ मारली म्हणून त्याने आधी डोळे मोठे केले. मग त्या रकान्यात लिहिलं, 'मिठागर, वापरात'. चौकशीने उभ्या उभ्या ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली चौघांच्या सह्या घेतल्या. हे तिला तुझ्या पत्रातून कळलं.

टोपीवाला गेलेला नाही. आता लहान चित्र घेऊन फिरतो, रस्त्याकडच्या उंचवट्यावरचं, जिथे खरंच काही पिकत नाही. या वेळी आधी आम्हाला विचारायला आला. चौकशीच्या आईने त्याला बसवून घेतलं आणि चादरी कोण बदलणार, किती वेळ, सुट्टी कोणत्या दिवशी, असं तासभर तपासलं. बिचारा घाम पुसत गेला. चौकशी कुणावर गेलीय ते आज कळलं.

सरांनी तिचं शून्य खोडलं. चारपैकी दोन दिले. म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण 'कारणे द्या' म्हटलं होतं. ती आता कारणं लिहिते आहे. सात पानं झाली.

रंग विचारला होतास. मी उत्तर दिलं नाही, कारण हंगाम लागल्याशिवाय मला नीट सांगता येईना. काल संध्याकाळी राशी घातल्या आणि बांधावर बसून बघितलं. पांढराच राहू दे, पोरी. रंग पहिल्यापासून बरोबर होता. त्याच्यापुढचा शब्द तेवढा खोड आणि आमचा लिही.

जिन्याखाली उजेड कमी असेल. डोळे सांभाळ.

तुझी मावशी,
पान बेचाळीस